गडावरून सांगितलेला ओटीपी

नाशिकजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी बागांच्या नोंदी सांभाळतो. कोणत्या बागेवर कोणतं औषध कधी फवारलं, याची नोंद नसेल तर माल परदेशी जात नाही. या नोंदी लावायला मध्यंतरी कॉम्प्युटरवर एआय एजंट आला. "हा एजंट कमिशन तरी मागत नाही," असं साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

माझ्यासोबत काम करणाऱ्या ताईंनी मात्र पहिल्याच दिवशी अट घातली. एजंटने बाकी काहीही करावं, पण एखादी नोंद कायमची पुसायची तर आम्हा दोघांच्या मोबाइलवर ओटीपी यावा, आणि दोघांनी यादी वाचूनच तो टाकावा. साहेब वैतागले. ताई हटल्या नाहीत. "पुसलेलं परत आणता येत नाही, साहेब."

डिसेंबरातल्या एका मंगळवारी ताई सासूबाईंना घेऊन वणीच्या गडावर गेल्या होत्या. दुपारी एजंटने दुबार नोंदींची लांबलचक यादी काढली आणि पुसायची परवानगी मागितली. माझा ओटीपी मी टाकला. त्यांचा राहिला. तोडणी तोंडावर आलेली, साहेब दारात उभे. मी फोन लावला.

"सर, रांगेत आहे हो. उद्या सकाळी आल्या आल्या यादी बघते ना."

"अहो, नुसत्या दुबार नोंदी आहेत. साहेब डोक्यावर बसलेत."

"तुम्ही बघितली ना पण? सगळी?"

"हो, बघितली."

नव्हती बघितली. पहिलं पान वरवर चाळलं होतं, बस. त्यांच्यामागे घंटा वाजत होती, कुणीतरी "सरका पुढं" म्हणून ओरडत होतं. त्या गोंधळात त्यांनी सहा आकडे दोनदा सांगितले. मी ते टाकले.

दुसऱ्या दिवशी एक शेतकरी काउंटरवर आला. "आमच्या धाकल्याची बाग दिसत नाय, कुठं गेली?"

आमच्याकडे भाऊ वाटणी करून वेगळे होतात, पण कागदावर गट नंबर बऱ्याचदा एकच राहतो. बाप एक, आडनाव एक, द्राक्षाचा वाणही एकच. एजंटने नावांतला फरक टायपिंगची चूक धरला आणि दोन भावांची एक बाग केली. धाकट्याची हंगामभराची फवारणी पुसली गेली. अशी बरीच घरं निघाली. यादीच्या दुसऱ्याच पानावर भावाभावांची नावं शेजारी शेजारी होती. इथला कुणीही माणूस तिथे थांबला असता.

साहेबांनी आम्हाला समोर बसवलं. "यादी कोणी तपासली?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "दोघांचेही ओटीपी आहेत, साहेब."

"अट तुमचीच होती ना, मॅडम?"

"मी गडावर होते. फोनवर सांगितला ओटीपी."

"म्हणजे न बघता."

"हो."

एवढंच. मी "बघितली" म्हणालो होतो, हे त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी नाकारलं असतं, हेही आज लिहून टाकतो. सोमवारपासून येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं.

पुढचे नऊ दिवस शेतकरी औषधाचे डाग पडलेल्या घरच्या वह्या आणत राहिले आणि मी त्यांवरून नोंदी पुन्हा भरत राहिलो. कुणी विचारलं, "ताई दिसत नाहीत?" तर "रजेवर आहेत" म्हणायचो. दहाव्या दिवशी, झालं ते सगळं कागदावर लिहिलं, सही केली आणि साहेबांपुढे ठेवलं.

"आता कशाला? प्रकरण मिटलंय ना?"

"त्यांना परत बोलवा."

"आणि तुम्हाला काढू? ऐन तोडणीत?"

"काढायचं तर काढा. आधी त्यांना फोन करा."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग माझ्यादेखतच ताईंना फोन लावून स्पीकरवर टाकला, मी काय लिहिलंय ते सांगितलं आणि परत याल का, असं विचारलं. पलीकडे कुकरची शिट्टी वाजली.

"येईन मी," ताई म्हणाल्या. "मी ओटीपी द्यायला नको होता, ती माझी चूक. पण पुसायची परवानगी यापुढे सरांकडे नको. दुसरं कुणीही चालेल."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हणालो, त्यांना तिकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.