द्रिकाच्या नाकातले जंतू

द्रिका व्हान आसेलडोंक माझी शेजारीण. डच ब्राबांत प्रांतातल्या आमच्या गावात माणसांपेक्षा डुकरं जास्त, त्यातली सहाशे तिची. इथल्या दवाखान्यात नावाच्या आधी विचारतात, "डुकरांशी संबंध?" हो म्हटलं की नाकात तपासणीची काडी आणि वेगळी खोली. औषधाला दाद न देणारे जंतू तिच्या नाकात वर्षानुवर्षं सुखाने नांदत होते. ना ताप, ना फोड. पूर्वी एक डुक्कर शिंकलं तरी अख्ख्या कळपाच्या खाद्यात औषध मिसळायचे. मी त्यावरून भांडले, तेव्हा तिचा नवरा टोन म्हणाला होता, "तू आधी एक डुक्कर पाळून दाखव."

मग त्यांच्या लेकीला, लोनकेला, सातव्या महिन्यातच मुलगी झाली. कागदासारखी कातडी, नाकात नळी. नर्सने बजावलं, "आजी, हे जंतू तुम्हाला काही करत नाहीत, पण बाळाला झेपायचे नाहीत. पाच दिवस नाकात मलम, औषधी साबण, रोज धुतलेली चादर, आणि डुकरांच्या शेडमध्ये पाऊल नाही. तपासणीत काही निघालं नाही, तर घ्या मांडीवर."

दिवसभर डुकरांत वावरणाऱ्या टोनला द्रिकाने माळ्यावर झोपायला पाठवलं. तीन दिवस ती शेडकडे पाठ करून बसली.

चौथ्या दुपारी एक डुकरीण विताना अडली. टोनचा पंजा फावड्याएवढा, आत जाईना. पशुवैद्याला यायला दोन तास.

"द्रिका, तुझाच हात लागेल गं!"

"आणि माझी नात?"

"ही मरेल, पिल्लांसकट."

"मरू दे!" ती ओरडली. आणि बूट चढवले. नऊ पिल्लं काढली, आठ जगली.

"आता दवाखान्यात सांगायचं कशाला?" टोन म्हणाला. "आंघोळ कर, झालं."

"गप बस," मी कुंपणावरून म्हणाले. द्रिकाने आमच्यापैकी कुणाकडेच पाहिलं नाही.

दवाखान्याच्या दारातच तिने नर्सला सांगून टाकलं, "मी शेडमध्ये गेले होते." आता पुन्हा पहिल्यापासून पाच दिवस.

लोनके बाहेर आली. "पाच दिवस, आई. पाचच दिवस होते."

"डुकरीण अडली होती."

"ती रोजच अडते आपल्याकडे."

लोनके आत गेली आणि काचेपलीकडून तिने बाळाची मूठ वर धरली. द्रिकाने खिशातले हात बाहेर काढलेच नाहीत. हे पाच दिवस संपायच्या आतच, शुक्रवारी, चौदा डुकरिणी विणार होत्या.