उद्घाटनाची चढाई

आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने उतारवयात लेखणी उचलून कुणाचे चित्र रेखाटावे, हे धाडसच आहे. म्हणून आधीच क्षमा मागतो.

आरमोरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करणारे एक गृहस्थ कबड्डीचे पंच आहेत. पंक्चर काढतानाही शिट्टी त्यांच्या गळ्यात असते. कुणी घाई केली की "नियमानं होईन, भाऊ," एवढेच ते म्हणतात.

आमच्याकडे सामन्यांची पहिली चढाई पुढाऱ्याने करायची रीत आहे. खेळाडू आपणहून हात पुढे करतात, पुढारी त्यांना शिवून परततो आणि टाळ्या पडतात. यंदा निवडणूक तोंडावर होती आणि मैदानाच्या कुंपणाची घोषणा पुढारी त्याच दुपारी करणार होते. त्यांनी दोघांना शिवले. पण परतताना मधली रेषा गाठण्याआधीच 'कबड्डी कबड्डी' थांबवून त्यांनी लोकांना नमस्कार केला. शिट्टी वाजली.

"दम तुटला, भाऊ. तुमी बाद."

सामने भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष धावत आले. "अगा, हातचं कुंपण जाईन ना! त्याहीले काऊन बाद करून राह्यला?"

"पयले रेघ तं पाळू," पंच शिट्टी सदऱ्याला पुसत म्हणाले, "मंग कुंपण."

पुढारी मोठ्याने हसले, रेषेबाहेर जाऊन बसले आणि तिथूनच माइक मागवून त्यांनी कुंपण जाहीर केले.

मी मात्र शिट्टीआधीच टाळ्या वाजवून बसलो होतो. ती शिट्टी तुमच्या गळ्यात असती, तर तुम्ही वाजवली असती का?