फोनची दुसरी चावी
लालबागला मिरच्या भाजल्याचा वास आला की मला आईचा फोन आठवतो. त्या उन्हाळ्यात चाळीतल्या खोलीत मिरच्यांची देठं काढता काढता ती कोसळली आणि मी सासरहून धावत हॉस्पिटलात पोचले. डॉक्टर विचारत होते, "यांना कुठल्या गोळ्या चालू आहेत?" गोळ्यांचे फोटो आईच्या फोनमध्ये होते आणि फोनला लॉक होतं. 'परक्याच्या हाती लागायला नको, लॉक लाव,' म्हणून मीच तिच्या मागे लागले होते. बेशुद्ध आईचा अंगठा मी पुन्हापुन्हा टेकवला, पण सलाईनने सुजलेला तो अंगठा फोन ओळखेना. तेवढ्यात शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या. "आण इकडे," म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचा अंगठा टेकवला. फोन उघडला. मी डॉक्टरांना गोळ्यांचे फोटो दाखवून वळले, तशा काकू म्हणाल्या, "अगो, तुमच्या घराची दुसरी चावी माझ्याकडेच असते ना? तशीच ही पण. तिनेच माझं बोट घालून घेतलं." आई बरी होऊन घरी आली. 'तुझंही बोट घाल' असं ती आज म्हणेल, उद्या म्हणेल, अशी मी वाट बघत राहिले. आता आई नाही. मसाला करून न्यायला मीच येते, आणि तो ठसका लागला की अंगठा आपोआप मुठीत जातो.