यतीनची सुटलेली सम

विलायतेतल्या वॉटफर्डच्या यतीन राजवाडेला काय येत नव्हतं ते विचारा. गिटार यायची, बास यायचा, आणि गळा असा की खर्जातही घुमायचा, वरच्या पट्टीतही फिरायचा. मध्येच ताल बदलणारी ती प्रोग्रेसिव्ह रॉकची लांबच लांब गाणी त्याला तोंडपाठ. एवढं असून मेला जन्मभर दुसऱ्याच्या जागी उभा. कुणाचा गायक आजारी पडला, कुणाचा गिटारवाला भांडून गेला, की बोलवा यतीनला. पन्नाशी दारात आली तेव्हा कुठे एका नावाजलेल्या बँडनं त्याला कायमचं घ्यायचं कबूल केलं, तेही शनिवारचा शो नीट झाला तर.

आणि नेमका तिथेच गडी अडकला.

सात मात्रांचं एक गाणं होतं. सगळी वाद्यं थांबायची, नुसते ड्रम उरायचे. ड्रमर ग्लिननं मान हलवली की लगेच पुढच्या पहिल्या मात्रेवर यतीननं गाणं उचलायचं. तो दरवेळी चार मात्रा उशिरा यायचा. ईलिंगच्या तालमीत शेवटी ग्लिननं काठ्या खाली ठेवल्या. स्वभावानं गरीब माणूस, पण तोही म्हणाला, "शनिवारी असं झालं, तर आम्हाला दुसरा कुणीतरी बघावा लागेल."

 बरं, कुठं चुकतंय ते यतीनला कळेल तर शपथ. त्याच्या कानाला तो बरोबरच येत होता.

घरी आई, लीलावती, मेथी निवडत बसली होती. तिनं तिथल्या मराठी मंडळात वर्षानुवर्षं पेटी वाजवली, पोराला शेजारी बसवून ताल शिकवले. त्याच्या गाण्याला मात्र ती 'तुझा तो गोंगाट' म्हणायची आणि कधी ऐकायला गेली नव्हती.

"आई, माझा चूक मला कळतच नाही."

"'माझी' चूक," तिनं सवयीनं त्याचं मराठी सुधारलं. "लाव बघू काय ते."

त्यानं फोनवर ड्रमचं रेकॉर्डिंग लावलं. आईनं मांडीवर ताल धरला आणि थोड्या वेळानं तिला हसूच आलं.

"अरे, तू आपला रूपक ताल धरून बसलायस. रूपकात पहिली मात्रा, सम, खाली असते, तिथं टाळी पडत नाही, हात उलटा होतो. हे लोक जोराच्या ठोक्यापासून एक मोजतात. तू आपला त्या रिकाम्या जागेची वाट बघतोस."

"मग मी वन-टू-थ्री मोजतो."

"मोज की. पण घाबरलास की रूपकच धरशील."

झालंही तसंच. तो संध्याकाळभर मोजत राहिला आणि चुकत राहिला. लीलावतीला बघवेना. सम चुकली म्हणून याच पोराच्या पाठीत तिनं धपाटे घातले होते. आता त्यालाच उलटं सांगणं तिच्या जिवावर आलं.

"सम सोड," ती अखेर म्हणाली. "पहिल्या टाळीवर ये. यांचा एक तिथंच पडतो."

शनिवारी वॉटफर्डचा हॉल खच्चून भरला होता. वाद्यं थांबली, ड्रम उरले. यतीन मोजू लागला. वन, टू, आणि पुढचं सगळं डोक्यातून गेलं. त्यानं खाली पाहिलं. पुढच्या रांगेत आई बसली होती, कानात कापूस, मांडीवर हात. ग्लिननं मान हलवली. आईचा हात उलटा झालेला होता. थांब, पुढची सम अजून यायचीय, असं यतीनचं सगळं अंग ओरडत होतं. आईचा हात पहिल्या टाळीला मांडीवर पडला. त्याच क्षणी त्यानं तोंड उघडलं.

आवाज बरोबर पहिल्या ठोक्यावर पडला. ग्लिन वाजवता वाजवता हसला.

शो संपल्यावर ग्लिन एवढंच म्हणाला, "मंगळवारी तालीम आहे. आता दर मंगळवारी."

यतीन तसाच घामेजलेला आईकडे धावला. "आई, माझा जागा पक्का झाला."

लीलावतीनं सवयीनं तोंड उघडलं. मग कानातला कापूस काढून त्याच्या गालावरून हात फिरवला.

"झाला रे," ती म्हणाली. "पक्का झाला."