फाटकावरचा गरुड

अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. चाकणजवळच्या आमच्या शाळेला नवं बोधचिन्ह हवं होतं. ते मुलांकडूनच करून घ्यायचं, असं संस्थेच्या अध्यक्षांनी भर पालकसभेत जाहीर केलं. मी तिथला चित्रकलेचा शिक्षक. मूर्खासारखा विश्वास ठेवला आणि सातवीच्या वर्गाला शब्द देऊन बसलो, "तुम्ही निवडाल तेच फाटकावर लागेल."

महिनाभर पोरं भांडली; चित्रं काढली, खोडली, पुन्हा काढली. शेवटी मतदान घेतलं. लातूरकडची एक मुलगी जिंकली. आमची सकाळची प्रार्थना चालू असते तेव्हाच रात्रपाळी सुटलेल्या कंपनीच्या बस फाटकासमोरून जातात. पेंगुळलेले बाप खिडकीतून हात हलवतात आणि रांगेतली मुलं आमचा डोळा चुकवून हात हलवतात. तिनं तेवढंच काढलं होतं, बसची खिडकी आणि एक हात. "ओव्हरटाइम असला की पप्पा जागे दिसतात ते तेवढेच, सर," ती म्हणाली.

अध्यक्ष निवड बघायला आले तेव्हा सगळ्या वर्गादेखत, त्यांच्यापुढे कागद धरून हेच ती न अडखळता बोलली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "गुरुजी, पोरगी हुशार हाय, पन ह्ये बघून कामगारांची शाळा वाटंल. सोसायटीतली लोकं पोरं घालतील का हितं?"

कामगाराची पोर त्यांच्या हाताखालीच उभी होती. एवढीही लाज नाही!

मग शिपायानं आतून बोर्ड आणला. ढाल, दोन पुस्तकं आणि वर पंख पसरलेला गरुड. स्टीलचा, वेल्डिंग करून, रंग देऊन तयार. म्हणजे आमची पोरं मतं मोजत होती तेव्हा हा गरुड कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये कापून झाला होता. हॉल ठरवून, पत्रिका वाटून मग मुलीला पसंती विचारावी, तसला प्रकार. तळपायाची आग मस्तकात गेली.

बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्याच महिन्यात मला कायम करायचं की नाही, ते अध्यक्ष ठरवणार होते. त्यांच्यावरचा राग सांगता येतो, स्वतःवरचा कुणाला सांगू?

"टाळ्या वाजवा रे," अध्यक्ष म्हणाले. एकही हात हलला नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

मी टाळी वाजवली. माझं बघून त्या मुलीनं कागद काखेत धरला आणि तिनंही वाजवली.