मधल्या भिंतीपलीकडचा ढोल

परवा मेळातल्या, म्हणजे गावच्या ढोलपथकातल्या पोरांनी ढोल विस्तवावर शेकायला घेतले आणि तापल्या कातड्याच्या वासानं मी थेट काकीच्या खाटेपाशी पोचले.

नंदिगड्डा गावातल्या आमच्या घराची वडील आणि काकांत वाटणी होऊन मधे मातीची भिंत उठली होती. आवाज सोसत नाही म्हणून माझ्या वडिलांनी काकांचा ढोल कोयत्यानं फाडला. काकांनी पुन्हा ढोल गळ्यात घातला नाही; त्याच झुरणीनं ते गेले.

शेवटच्या आजारात काकीनं पाटलांना खाटेपाशी बोलावलं. "माझं अर्धं घर गावच्या मेळाला दिलं. पर तालीम हितंच, ह्या भिंतीला लागून."

"रोज?" पाटलांनी विचारलं.

"व्हय, रोज."

केवढं पुण्य, म्हणत लोकांनी हात जोडले. मीही जोडले. काकी दारात उभ्या वडिलांकडे बघून हसली, तो मला आशीर्वाद वाटला होता.

पुढं ढोल वाजला की वडील राग माझ्या पाठीवर काढत. तेव्हा ते हसू मला कळलं.

गेल्या आठवड्यात वडिलांकडून आलेलं अर्धं घरही मी मेळाला देऊन टाकलं. अट एकच: मधल्या भिंतीवरचा त्यांचा फोटो काढायचा नाही, आणि मोठा ढोल त्याच्याच खाली वाजवायचा.