पंख्याचं तोंड

बारामतीच्या एसटी स्टँडमागं एकाचं टायपिंग आणि छपाईचं दुकान होतं. शिकवणीच्या प्रश्नपत्रिका छापून घ्यायला मी इंदापूरहून यायचो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कॉम्प्युटरचं झाकण कायम उघडं, टेबलफॅनचं तोंड आतल्या प्रोसेसरकडं, आणि हा शेजारी घामानं निथळत बसलेला. मधूनच पालथा हात आत घालून, पोराचा ताप बघावा तशी प्रोसेसरची धग बघायचा.

नवं मशीन परवडत नव्हतं, म्हणून बोर्डावरची पिन हलवून त्यानं प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला होता. मेमरी मात्र मूळच्याच वेगावर ठेवली होती.

"तिला पळवलं की मशीन अडकतंय, सर. जोडीतला एकच बैल पळवतोय मी."

"मग फायदा काय?"

"फारसा न्हाय. पण गप बसलो तर संपलोच की."

पुढं समोरच नव्या मशीनवर छपाई करणारं दुसरं दुकान आलं. मी शेवटचा गेलो तेव्हा ह्याचं मशीन जळून बंद पडलं होतं. तरी पंखा त्या मशीनवरच चालू होता.

"आता तरी स्वतःकडं फिरवा," मी म्हणालो.

"मला कशाला, सर? मी कुठं पळतोय?"